दंडार आणि नाटक : झाडीपट्टीची रंगभूमि

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगावयास बसलें कीं सांगली, पुणें व मुंबई हीं तीन नांवें आपोआप ओठांवर येतात. इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यास झालें, पुढें गंधर्व नाटक मंडळीचें वैभव आलें आणि बोलपट बोलूं लागतांच तें ओसरलें, एवढी कथा शाळेंतला चुणचुणीत मुलगाहि सांगेल. त्याहून अधिक वाचन असलेला गृहस्थ तंजावरच्या भोसले राजांच्या मराठी नाटकांचा उल्लेख करील. परंतु वैनगंगेच्या कांठीं अशी एक रंगभूमि आहे कीं, जेथें प्रतिवर्षीं दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र नाटकें चालतात, खेड्यापाड्यांतील माणसें पदरचा पैसा देऊन तीं पाहतात, आणि नाट्यगृह नांवाची इमारत मात्र तिला ठाऊक नाहीं. मराठी नाटकाच्या इतिहासांत या रंगभूमीला जागा मिळालीच तर ती शेवटच्या पानाच्या तळाशीं. 'पिकतें तेथें विकत नाहीं' अशी म्हण आहे. येथें प्रकार उलटा आहे. पिकतें तेथेंच सर्व विकतें, आणि बाहेर कोणी त्याची चौकशीहि करीत नाहीं.

या मुलखाचें नांव झाडीपट्टी. झाडी म्हणजे रान. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील, वैनगंगेच्या खोऱ्याचा हा प्रदेश. यांपैकीं गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता व गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुराचा, म्हणून जुन्या माणसांच्या बोलण्यांत भंडारा व चांदा हीं दोनच नांवें येत. राज्यकारभाराच्या दृष्टीनें पाहिलें तर हा भाग १९५६ पर्यंत आधीं मध्यप्रांतांत व मग मध्यप्रदेशांत होता. मुंबई राज्याशीं त्याचा संबंध आला तो त्या सालीं, आणि १९६० मध्यें तो महाराष्ट्रांत आला. नागपूरच्या पूर्वेस अरण्यच आहे, तेथें कसलें नाटक, ही पुण्यामुंबईकडील समजूत या अंतरांतून जन्मलेली आहे.

झाडीचें जीवन धानावर उभें आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेले जुने तलाव, त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या, आणि पावसाळाभर चिखलांत वांकलेलीं माणसें, हें या प्रदेशाचें चित्र. धान कापून घरांत आलें म्हणजे हातांत चार पैसे येतात, बांध्या मोकळ्या होतात, रात्री थंड व लांब होतात. कलेला लागणारी सामग्री ती हीच. पैसा, जागा व वेळ हीं तिन्ही एकाच पंधरवड्यांत गांवाला मिळतात, आणि गांव तीं खेळावर खर्च करतें. येथील रंगभूमीचें पंचांग अशा रीतीनें धानानें लिहिलेलें आहे.

येथील बोलीविषयीं दोन शब्द आधींच सांगितले पाहिजेत, कारण पुढें नाटकाच्या संबंधांत त्यांचें काम पडेल. झाडीबोलींत 'ण' नाहीं, त्याचा 'न' होतो. 'ळ' चा 'र' होतो. 'श' व 'ष' हे दोन्ही 'स' मध्यें विरघळतात. पाणी तें पानी, आणि डोळा तो डोरा. शाळेंतील मास्तरांनीं पिढ्यान्पिढ्या मुलांचे हे उच्चार छडीनें सुधारण्याचा यत्न केला व तो घराच्या उंबऱ्यापर्यंतच टिकला. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं या बोलीचा व तिच्या लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला, झाडीबोली साहित्य मंडळ उभें केलें आणि जिला लोक अशुद्ध मराठी समजत तिला स्वतःचें व्याकरण आहे हें दाखवून दिलें. दंडारीविषयीं आज जी माहिती लिखित स्वरूपांत मिळते तिच्यांतील पुष्कळ मोठा भाग त्यांच्या परिश्रमाचा आहे.

आतां हंगामाच्या आरंभाकडे वळूं. भाऊबीज झाली कीं भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत मंडई सुरू होते. मंडई म्हणजे बाजार असें पुणेकर समजेल, पण येथील मंडई ही गांवाची जत्रा आहे. प्रत्येक गांव आपापला दिवस ठरवितें, व शेजारच्या गांवाचा दिवस शक्यतों टाळतें, म्हणजे आज या गांवचे लोक त्या गांवीं पाहुणे व उद्यां त्या गांवचे या गांवीं. लेकी माहेरीं येतात, जांवई येतात, मामा-मावश्यांच्या बंड्या येतात. मिठाईचीं व खेळण्यांचीं दुकानें लागतात. गोवारी बांधव मोरपिसांनीं सजविलेली ढाल घेऊन नाचत येतात. उपवर मुलामुलींकडे वडीलधाऱ्यांची नजर असते, व पुढल्या लग्नसराईंतील कित्येक सोयरिकींची पहिली बोलणीं मंडईच्या गर्दींतच होतात. आणि या सर्व गजबजाटांत, गांवाच्या आंखरावर किंवा चावडीपुढें, दंडार, गोंधळ अथवा खडी गंमत चाललेली असते. पाहुण्यांना जेवूं घालणें जसें यजमानाचें कर्तव्य, तसेंच त्यांना खेळ दाखविणें हें गांवाचें कर्तव्य मानलें जाई. कला आणि आतिथ्य यांचा हा सांधा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. झाडीची रंगभूमि इतकीं वर्षें कां टिकली याचें निम्में उत्तर त्यांत आहे.

दंडार ही झाडीची जुनी नाट्यकला. तिला रंगमंच लागत नाहीं, पडदा लागत नाहीं, तिकीट तर मुळींच नाहीं. लोक भोंवतीं गोल बसतात, मध्यें पूर्वीं टेंभा अगर मशाल पेटत असे, ढोलकी व टाळ-झांजा वाजूं लागतात, गण-नमन होतें, आणि ज्यांना सकाळीं नांगरामागें पाहिलें तींच माणसें राजा, प्रधान, राक्षस व ऋषि होऊन रिंगणांत येतात. स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेतात. ज्या पोराला अजून मिसरूड फुटलेलें नाहीं त्याच्या वांट्याला राणीचें काम येतें, व मग वर्षभर गांवांतील मुलें त्याला राणीसाहेब म्हणून छळतात. एखादें कथानक सलग उभें करणाऱ्या दंडारीस परसंगी दंडार म्हणतात. परसंग म्हणजे आपला प्रसंगच. रामायण-महाभारतांतील कथा तींत असतात, लोककथा असतात, आणि गांवांतील ताज्या घडामोडींवरची टोचणीहि असते. पदें कोणी छापलेलीं नव्हतीं. बापाकडून मुलाकडे व उस्तादाकडून पोराकडे तीं कानावाटे आलीं, फार तर एखाद्याच्या पेटींत हातानें लिहिलेली जीर्ण वही असावयाची.

'दंडार' या शब्दाच्या मूळाविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. दंड म्हणजे काठी, तसेंच दंड म्हणजे बाहु. नाचतांना हात ज्या तालांत झुलतात त्यावरून हें नांव आलें असें कांहींचें म्हणणें, काठ्यांच्या नाचावरून आलें असें इतरांचें. या वादाचा निकाल कसाहि लागो, त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हा शब्द एकट्या मराठीचा नाहीं. दक्षिणेस प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणांतील आदिलाबादकडे, राज गोंड लोकांचा दिवाळीच्या सुमारास होणारा नृत्योत्सव आहे, त्याचें नांव दंडारी. त्यांतील गुसाडी हे नर्तक मोरपिसांचे मोठाले मुकुट घालून गांवोगांव नाचत जातात व दुसऱ्या गांवाचा पाहुणचार घेतात. त्या कलेचे जाणते कनकराजू यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. २०२४ मध्यें ते वारले. दिवाळीचा हंगाम, गांवानें गांवाकडे जाणें, मोरपिसें, आणि नांवांतील हें साम्य पाहिलें म्हणजे दंडारीला केवळ मराठीची लेक म्हणतां येत नाहीं. तिची एक आजी गोंडी आहे असें मानण्यास पुष्कळ जागा आहे.

पूर्वेकडे गेलें तर दुसरा शेजारी भेटतो. गोंदियाच्या पलीकडे राजनांदगांव व छत्तीसगढ. तेथला 'नाचा' हाहि रात्रभर चालणारा, उघड्यावरचा, पुरुषांनींच स्त्रीवेष घेण्याचा खेळ. त्यांतील स्त्रीवेषधारी नर्तकाला 'परी' म्हणतात व विनोदी पात्राला 'जोक्कड'. राजनांदगांवजवळच्या रवेली गांवचे दाऊ मंदराजी यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेथल्या विस्कळित नाच्या मंडळींना एकत्र करून नामांकित पथक उभारलें. पुढें हबीब तनवीर यांनीं या नाचाच्या निरक्षर कलावंतांना घेऊन १९७५ मध्यें 'चरणदास चोर' बसविलें, आणि १९८२ मध्यें त्या नाटकानें स्कॉटलंडांतील एडिंबरोच्या महोत्सवांत मानाचें पारितोषिक मिळविलें. भंडाऱ्याची खडी गंमत याच घराण्यांतली. खडी म्हणजे उभी. शाहीर उभ्यानें गातो, नाच्या पुरुषच असतो, डफ, ढोलकी व तुणतुणें साथीस असतात, आणि कलगीवाले व तुरेवाले अशा दोन पक्षांचा सामना लागला कीं शक्ति श्रेष्ठ कीं शिव श्रेष्ठ या सवालजबाबांत पहांट होते. खडी गंमतीला एखादा हबीब तनवीर भेटला नाहीं, एवढाच काय तो फरक. कलेंत ती उणी नाहीं.

शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या कलेंत अशी भागी ठेवणें हें जगांत अन्यत्रहि घडलें आहे, आणि त्यावरून भांडणेंहि झालीं आहेत. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यांतील बाल्कन प्रदेशांत आल्बेनियन, सर्ब, बोस्नियाक व ग्रीक हे लोक असेच दाटीनें राहतात. तेथें एकतारी वाद्यावर हजारों ओळींचीं वीरकाव्यें गाणारे शाहीर असत. मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडितानें १९३३ ते १९३५ या काळांत त्यांचें गायन यंत्रावर उतरून घेतलें, तेव्हां नोवी पझार गांवांत सालिह उग्ल्यानिन नांवाचा गायक त्याला भेटला, तो आल्बेनियन व स्लाव या दोन्ही भाषांत गात असे. आतां त्याचें काव्य कोणाचें म्हणावयाचें? आल्बेनियाच्या दक्षिण भागांतील अनेक स्वरांचें समूहगान 'युनेस्को'नें २००५ मध्यें मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविलें. सीमेपलीकडे ग्रीसच्या एपिरस प्रांतांत तशाच धाटणीचें गाणें आहे, व त्याच्या जतनाच्या कार्याची नोंद त्याच संस्थेनें २०२० मध्यें घेतली. राज्यांच्या सीमा शाईनें आंखतां येतात, चालीच्या सीमा आंखतां येत नाहींत. वैनगंगेकांठीं सुदैवानें या प्रश्नावरून कोणी हातघाईवर आलेलें नाहीं. कदाचित् दंडारीचा अभिमान धरण्याइतकें तिच्याकडे कोणी पाहिलेलेंच नाहीं म्हणूनहि असेल.

या भूमींत नाटक आलें तें दंडारीच्या खांद्यावर बसून. किर्लोस्करी वळणाच्या संगीत नाटकांचीं छापील पुस्तकें खेड्यांत पोंचलीं, नांदी व पदें यांची गोडी लागली, आणि दंडारींत तयार झालेले आवाज व पाय त्या नव्या खेळाला मिळाले. मशालीच्या जागीं गॅसबत्ती आली, रिंगणाच्या जागीं उंचवटा आला, भोंवतालच्या प्रेक्षकांऐवजीं समोरचा प्रेक्षक आला. बोलपटांनीं पुण्यामुंबईच्या कंपन्यांना १९३२ नंतर खालीं आणलें खरें, परंतु जेथें वीज नाहीं, सडक नाहीं, तेथें बोलपट तरी कसा येणार? शहरांनीं टाकलेलें संगीत नाटक झाडींत असें सुखरूप राहिलें, जसें शहरांतून हद्दपार झालेलें पितळेचें भांडें खेड्यांतील घरांत लखलखत असतें. अजूनहि तेथील खेळांत ऑर्गन व तबला हे रंगमंचाच्या पुढें मानानें बसतात, आणि नट बोलतां बोलतां पदाला लागला तर प्रेक्षकांत कोणी चुळबुळ करीत नाहीं.

श्रोत्यांनीं अशा एका रात्रीची कल्पना करावी. कापणी झालेल्या धानाच्या बांधींत मातीचा व फळ्यांचा रंगमंच गांवकऱ्यांनींच उभारलेला. भोंवतीं कनातीचें कुंपण. पुढें जमिनीवर बसणाऱ्यांची व मागें खुर्च्यांची जागा. पूर्वीं बैलबंड्या येत, हल्लीं मोटारसायकली व ट्रॅक्टर येतात. थंडी मी म्हणत असते. बायका, म्हातारीं माणसें, आईच्या पदराखालीं झोंपलेलीं तान्हीं मुलें, सर्व घोंगड्या-चादरी घेऊन येतात. दहा-अकराच्या सुमारास नांदी होते व मग तीन अंक चालतात ते तांबडें फुटेपर्यंत. नायक व खलनायक पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी पात्र रंगमंचावर येतें तेंच मुळीं झाडीबोली बोलत, आणि मग जी हशाची लाट उठते तिच्यांत केवळ विनोद नसतो, शाळेनें दडपलेली आपली जीभ उजळ माथ्यानें बोलतांना ऐकल्याचा आनंद असतो. पडद्याआड प्रॉम्प्टर असतो, आणि त्याच्यावांचून पान हालत नाहीं. कारण नट एकाच हंगामांत अनेक नाटकांतील भूमिका वठवितात, रोज गांव बदलतें, व तालमीला दिवस थोडे असतात. शहरांतील टीकाकार या प्रॉम्प्टरला हंसतात. एका दमांत इतकीं नाटकें रात्रभर उभीं करून दाखविल्यावर त्यांनीं हंसावें.

सकाळीं बांध मोकळा होतो. येथें नाट्यगृह रोज बांधलें जातें व रोज मोडलें जातें, त्यामुळें त्याच्या मोडण्याचें दुःख कोणाला नाहीं. वर ज्या आल्बेनियाचा उल्लेख आला त्याच्या राजधानींत, तिरानांत, १९३९ मध्यें बांधून झालेलें राष्ट्रीय नाट्यगृह होतें. तें पाडूं नये म्हणून कलावंत दोन वर्षांहून अधिक काळ झगडले. १७ मे २०२० रोजीं पहांटे तें पाडण्यांत आलें. तिरानाच्या नटांना इमारतीसाठीं रस्त्यावर यावें लागलें. झाडीच्या रंगभूमीचें मर्म इमारतींत नसून दुसरीकडे आहे, म्हणून तिच्यावरचें संकटहि निराळ्या वाटेनें येतें.

तें मर्म म्हणजे गांवाचें मंडळ. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें या व्यवसायाचें केंद्र आहे. लाखांदूरच्या दक्षिणेस, गोंदिया-चांदा लोहमार्गावरचें हें गांव. पन्नासांहून अधिक नाटक मंडळ्या हंगामांत येथून चालतात, रस्त्याच्या कडेला त्यांच्या कचेऱ्या लागतात, व गांवोगांवचे प्रतिनिधि येऊन तारीख व रक्कम ठरवून जातात. कंपनीला ठरलेली रक्कम द्यावयाची. तिकिटें गांवानें विकावयाचीं. नफा झाला तर तो देवळाला, शाळेला अगर गांवच्या कामाला. तोटा झाला तर मंडळाच्या पोरांनीं वर्गणी काढून भरावयाचा. अवकाळी पाऊस आला, किंवा त्याच रात्रीं शेजारच्या गांवांत अधिक नांवाजलेलें नाटक लागलें, कीं हिशेब कोलमडलाच. कित्येकदां एकाच गांवांत दोन मंडळांच्या चुरशीनें दोन नाटकें लागतात, मग तर काय पाहावें! अनुदानाची वाट न पाहतां चालणारा हा व्यवहार आहे, व त्याची जितकी स्तुति करावी तितकी थोडी.

परंतु तो किती नाजूक धाग्यांनीं बांधलेला आहे हें २०१४ मध्यें दिसलें. झाडींत नाटकाच्या दिवशीं शंकरपट असे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट, रात्रीं नाटक. पटासाठीं दूरदूरचे शौकीन येत, मुक्काम करीत व रात्रीं तिकीट काढीत. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बैलांचा छळ होऊं नये यांत शंका नाहीं. पण निर्णय बैलांविषयीं होता व त्याचा धक्का नाटकांना बसला, हें दिल्लींत कोणाच्या ध्यानांतहि आलें नसेल. ज्या गांवीं पट थांबला तेथें नाटकाचा निम्मा प्रेक्षक गेला. डिसेंबर २०२१ मध्यें न्यायालयानें महाराष्ट्रांत शर्यतींस सशर्त मोकळीक दिली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती कायम केली. मधल्या काळांत २०२० च्या साथीची टाळेबंदी येऊन गेली होती, व नट पुन्हां शेतावर किंवा मजुरीवर गेले होते.

या सर्वांतून नाटक उठलें. बाहेरच्या जगाचेंहि लक्ष हळूहळू वेधलें गेलें. २०२२ मध्यें या रंगभूमीवरच 'झॉलीवूड' नांवाचा मराठी चित्रपट निघाला. २०२३ सालीं कुरखेडा तालुक्यांतील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पांच हजारांहून अधिक प्रयोग व आठशें भूमिका अशी त्यांच्या कामाची नोंद शासनानें केली आहे. खुणे हे शेतकरी. पावसाळ्यांत धान लावावें आणि हिवाळ्यांत तोंडाला रंग लावावा, हा झाडीच्या नटाचा जुना क्रम त्यांच्यांत दिसतो. विषयांच्या बाबतींतहि हें नाटक मागें राहिलेलें नाहीं. पौराणिक व ऐतिहासिक कथानकांच्या पुढें जाऊन नवरगांवचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखकानें शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर नाटक लिहिलें, आणि तें शेतकऱ्यांनींच बांधींत बसून पाहिलें. शहरांत याच विषयावरचें नाटक पाहणारा व सोसणारा हे निराळे असतात.

मग दंडारीचें काय झालें? येथें स्तुतीचा स्वर थोडा खालीं आणणें भाग आहे. आरंभीं नाटकांतहि गांवचींच पोरें कामें करीत. महिना-दीड महिना तालीम चाले, गांवचा तबलजी, गांवचा पेटीवाला, गांवचाच शकुनि. पुढें स्त्रीभूमिकांसाठीं नागपुराहून नटी आणण्याची चाल पडली, मग नायकहि बाहेरून आला, मग सगळी कंपनीच बाहेरून येऊं लागली. गांवाकडे उरलें तें तिकिटें विकण्याचें काम. प्रयोग देखणे झाले, प्रकाश व आवाज चांगले झाले, स्त्रियांचें काम स्त्रिया करूं लागल्या, हा लाभ नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु जें गांव पूर्वीं खेळ करीत होतें तें आतां खेळ विकत घेतें, हा फेरहि तितकाच खरा आहे. दोन अंकांमध्यें घुसणारीं चित्रपटांतील गाणीं व नाच हीं त्याच फेराचीं फळें आहेत, कारण विकत घेणारा नेहमीं शेजारच्या गांवाहून कांहीं अधिक मागतो.

दंडारीजवळ विकण्यासारखें कांहीं नव्हतें. तिला तिकीट नव्हतें, म्हणून तिच्या नफ्यातोट्याची चर्चा झाली नाहीं. तिची कंपनी नव्हती, म्हणून तिची कचेरी वडशास लागली नाहीं. तिचा नट हा कोणाचा तरी काका किंवा आजा होता, म्हणून त्याला कलावंत म्हणण्याचें कोणाला सुचलें नाहीं. एका गांवांत दंडार बंद पडली तर वर्तमानपत्रांत ओळ येत नाहीं. पदें पाठ असलेला एक म्हातारा जातो, ढोलकी वाजविणारा मुलगा कामासाठीं नागपुरास किंवा सुरतेस जातो, आणि पुढल्या मंडईंत त्या जागीं लाउडस्पीकर लागतो. नाटक जगलें यांत दंडारीचा वांटा मोठा. पण नाटकाच्या जगण्यांत दंडारीला वांटा मिळाला नाहीं. घराण्यांतील कर्त्या मुलानें म्हातारीला माजघरांतून ओसरीवर व ओसरीवरून गोठ्यांत न्यावें तसें हें झालें आहे, आणि कोणीहि वाईट बुद्धीनें केलेलें नाहीं.

दंडार टिपून ठेवावयाची तर नुसती पदें लिहून भागणार नाहीं. पद लिहितां येतें, पण 'ळ' ऐवजीं 'र' म्हणतांना चाल कोठें वळते तें लिहितां येत नाहीं. झुलणाऱ्या हातांचा ताल वहींत मावत नाहीं. आणि रिंगणांतील सोंगाड्यानें समोर बसलेल्या पाटलाकडे पाहून ऐन वेळीं जें वाक्य टाकलें तें तर पुढल्या वर्षीं तोहि म्हणणार नाहीं. पॅरीनें बाल्कनमध्यें जें यंत्र नेलें तें एका माणसानें उचलण्याजोगें नव्हतें. हल्लीं तसें यंत्र प्रत्येक कॉलेजांतील मुलाच्या खिशांत असतें. पॅरी गायकाच्या दारीं दिवसेंदिवस बसला, ती चिकाटी मात्र त्या खिशांत मिळत नाहीं.

भाऊबीज झाली कीं लाखनी, साकोली, लाखांदूर या बाजूच्या गांवांच्या मंडईच्या तारखा फळ्यांवर लागूं लागतात. एस्. टी. च्या मोटारीनें कोठेंहि उतरावें, ढोलकीचा आवाज आपोआप वाट दाखवितो. ज्याला दंडार पाहावयाची असेल त्यानें मात्र दिवसाउजेडीं, तिसऱ्या प्रहरापर्यंत पोंचावें. रात्रीं त्याच गांवीं नाटक असतें.